सावळारामांचा डावा डोळा

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

काल मी कामात खोटं लिहिलं. संगणकावर डोळ्याची बाजू विचारतात, तिथं मी 'डावा' निवडलं. डोळा उजवा होता, आणि निवडताना मला ते माहीत होतं.

मी कधी दैनंदिनी लिहिलेली नाही. तिची गरज वाटली नाही. आज सकाळी गॅसवर दूध उतू गेलं आणि मी समोर उभी राहून बघत राहिले. तेव्हा ठरवलं, कुठंतरी हे खरं लिहून ठेवायचं. औषध कंपनीची एक डायरी कोरी पडली होती, तीच घेतली.

बारामतीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी विम्याचं काम बघते. रुग्णाचं कोणतं ऑपरेशन, कंपनीच्या यादीत त्याचा कोड कोणता, डोळा डावा की उजवा, हे भरायचं. परवानगी आणायची. ऑपरेशन झालं की बिल पाठवायचं. त्या टेबलावर माझं अर्धं आयुष्य गेलं. दिवाळीनंतर निवृत्त होणार.

रुग्ण पळसदेवचे सावळाराम. दूध संघाचे सभासद, म्हणून संघाचा गट विमा. फेब्रुवारीत डाळिंबाची छाटणी करताना उजव्या डोळ्यात काटा गेला. घरीच अंगावर काढलं. आले तेव्हा डोळ्यात पू झाला होता आणि डोळा काढावा लागला. संसर्ग होता म्हणून डॉक्टरांनी खोबणीत गोळा तेव्हा बसवला नाही, निवळल्यावर बसवू म्हणाले.

लोक गोळ्यालाच नकली डोळा समजतात. तसं नसतं. गोळा आत जातो, वरून शिवून टाकतात, तो पुन्हा कुणाला दिसत नाही. त्यानं खोबण भरलेली राहते, पापणी आत ओढली जात नाही. पुढं त्यावर रंगवलेली वाटी बसवतात, ती नकली डोळा. गोळ्याचा कोड वेगळा, वाटीचा वेगळा. नव्या मुलीला मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

काल गोळ्यासाठी परवानगी मागितली, ती लगेच परत आली. 'सदर सभासदाचा उजवा डोळा काढल्याची नोंद नाही.' मी फेब्रुवारीचा क्लेम उघडला. तिथं डावा. भरलेला मीच.

राजवर्धन आमचे व्यवस्थापक, डॉक्टरांचे पुतणे. त्यांना दाखवलं.

"ताई, दुरुस्ती मागितली की त्यांचा माणूस येणार. आला की वर्षभराच्या फायली काढून बसणार," ते म्हणाले. "पेशंट बाहेर बसलाय. त्याला परत पळसदेवला पाठवायचं का?"

"मग काय करू?"

"डावाच टाका. गोळा बसायचा तिथंच बसणार आहे ना?"

"हे चूक आहे."

"चूक फेब्रुवारीत झाली. आता आपण फक्त जुळवून घेतोय."

माझा पासवर्ड बंद पडून महिने झाले. नवा पुण्याहून मागवावा लागतो, तो मी मागवला नाही. माझ्या हाताखालची वृषाली जेवायला उठली की तिच्या संगणकावर बसते. काल तसंच केलं. डावा. दवाखाना बंद व्हायच्या आत परवानगी आली. सावळारामांची बायको ठमाबाई मला हात जोडून गेली.

कागद जुळले. एवढंच झालंय.

२० ऑगस्ट, बुधवार

फेब्रुवारीत चूक कशी झाली ते शोधलं. शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही.

डॉक्टरांचा केसपेपर वॉर्डात होता. तो मागवायचा, त्यावरून बाजू भरायची, हा नियम. नियम मीच केला. पण वॉर्डातून केसपेपर यायला वेळ लागतो, म्हणून मी रुग्णाच्या फोटोवरून बाजू भरते. पट्टी बांधलेली दिसतेच. समोरच्या माणसाचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. नव्या मुली इथं गडबडतात. मी कधी गडबडले नाही.

तो फोटो आज पुन्हा पाहिला. सावळारामांचा मुलगा सुयोग एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं वडिलांच्या कॉटवर बसून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं दोघांचा एकत्र फोटो काढला आणि तोच मला पाठवला. तसल्या कॅमेऱ्यात चेहरा आरशासारखा उलटा येतो. सुयोगच्या शर्टावर कारखान्याचं नाव आहे. फोटोत ती अक्षरं उलटी आहेत. मोठी, पांढरी.

मी ती अक्षरं तेव्हाही पाहिली असणार.

म्हणजे फोटो उलटा होता आणि मी तो शिकवल्याप्रमाणे अचूक फिरवून घेतला. दुसऱ्या कुणी वेंधळेपणानं भरलं असतं तर बरोबर आलं असतं.

फेब्रुवारीची चूक या टेबलावर कुणाचीही होऊ शकते. परवाची होऊ शकत नाही. ती केलेली आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

परवा ऑपरेशन झालं. सकाळी कारण नसताना मी वॉर्डात गेले. सावळारामांच्या उजव्या भुवईवर डॉक्टरांनी शाईनं बाण काढलेला होता. तो पाहिला आणि खाली आले.

दुपारी डबा खाताना थिएटरच्या सिस्टर हसत सांगत होत्या. भूल द्यायच्या आधी त्या नाव, गाव, ऑपरेशन, डोळा मोठ्यानं वाचतात. त्यांनी परवानगीच्या कागदावरून वाचलं, 'डावा.' सावळाराम टेबलावरून म्हणाले, "डावा नगं, बाई. तेवढा एकच ठिवलाय."

सगळे हसले. वृषाली हसली नाही. माझ्याकडं बघून तिनं डब्याचं झाकण लावलं. पोट बिघडलं असेल.

"मग डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाही. फाईल घेतली, मिटली, स्टुलावर पालथी घातली. म्हणाले, चला."

घाईत असतील.

गोळा बसला. त्याच्या पाकिटावरचं स्टिकर मी क्लेमच्या कागदावर चिकटवलं. स्टिकरवर मापं असतात, नंबर असतो. बाजू नसते. गोळ्याला डावं-उजवं नसतं. हे वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. सांगवीच्या घरी भाऊ-भावजय येतील. लिहिण्यासारखं काही नाही. तरी वही उघडली.

१ सप्टेंबर, सोमवार

सावळारामांना टाके दाखवायला आणलं होतं. ठमाबाई माझ्या टेबलाशी आल्या. पिशवीत डाळिंबं.

"हे घेऊन जा. इथं चालत नाही," मी म्हणाले.

"न्हाय चालत तर टाकून द्या. पर मी माघारी न्हेनार न्हाय."

"ठमाबाई, मी माझं काम केलं."

"व्हय की. पर गावात समद्यांनी सांगितलं, कागूद एकदा माघारी आला म्हंजे झालं, पुन्यामुंबईला जा. तुमी येकाच दिसात पास केला. तुमचं अक्षर चांगलं असंल."

"अक्षराचं काही नसतं. संगणक असतो."

"मग बोट चांगलं असंल," त्या म्हणाल्या. खुर्चीवर पिशवी ठेवून गेल्या.

वृषाली म्हणाली, "घ्या की मॅडम, सावळारामतात्यांच्या बागेतली आहेत." मी तिला म्हणाले, वीस फायली पडल्यात, त्यांच्याकडं बघ. ती लगेच वळली. पोरगी कामाला बरी आहे. कंत्राटावर आहे, पण बरी आहे. मी तिला कधी तसं सांगितलेलं नाही. सांगितलं की मुली ढिल्या पडतात.

डाळिंबं वॉर्डात वाटायला सांगितली. एक घरी आणलं. सोललं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल इंदापूरला शिबिर. दर शुक्रवारी आमची गाडी जाते. डॉक्टर, सिस्टर, वृषाली आणि मी. सावळाराम तिथं आले. पळसदेवहून त्यांना ते जवळ पडतं.

गोळ्याची बाजू छान निवळली आहे. खोबण भरलेली दिसते. वाटीचं माप पुढच्या महिन्यात. डॉक्टर खूश होते. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर बॅटरी धरली.

"सावळाराम, दिसतंय कसं याच्यानं?"

"दिसतं की. धुक्यावानी."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापास्नं. म्हनलं, पावसाळी हवा."

"पाऊस डोळ्यात नसतो, तात्या. मोती आहे. लवकर पिकतोय. एकच डोळा आहे, थांबून चालणार नाही."

ठमाबाई म्हणाल्या, "आता कालवणात मीठ म्हनून साखर टाकली तरी खात्यात, बोलत न्हाईत. बागंत गेले की काट्याला हात लावून बघत्यात. कातर मी हातात घिऊ देत न्हाय."

"तू काय घिऊ देतीस? चहाची कपबशीसुद्दा दोन हातानं देतीस." सावळाराम हसले. मग डॉक्टरांना विचारलं, "उजनीच्या पान्यातलं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं, तवर दिसंल का? औंदा पानी चढताना माझ्याच्यानं कळस न्हाय दिसला नीट."

"ऑपरेशन झालं की दिसेल."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: डावा डोळा, मोतीबिंदू. वृषालीनं ती माझ्यासमोर ठेवली. पलीकडच्या टेबलावर लोक नंबर विचारत होते. मला काही ऐकू येत नव्हतं.

कंपनीच्या नोंदीप्रमाणे सावळारामांना डावा डोळा नाही. फेब्रुवारीत काढलाय. ऑगस्टमध्ये त्या जागी गोळाही बसवलाय. दोन्ही माझ्या बोटांनी.

हे आत्ता सुचलं असं नाही. ऑगस्टमध्ये सुचायला हवं होतं. माणसाला दोन डोळे असतात, एक काढल्यावर दुसराच उरतो, आणि त्याचं कधी ना कधी काही तरी निघणारच. हा विचार करायला शिक्षण लागत नाही. मी केला नाही, कारण कागद जुळत होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वृषालीनं मोतीबिंदूची परवानगी मागितली. मी तिला थांबवलं नाही. मनात होतं, पास होईलही.

'सदर डोळा यापूर्वी काढण्यात आलेला आहे.'

वृषालीनं ते वाचलं. नंतर तिनं मागचे दोन्ही क्लेम उघडले. मी बघत होते. तिनं फक्त विचारलं, "मॅडम, तात्यांना काय सांगू? बाहेर बसलेत."

मी स्वतः गेले. सावळारामांना म्हणाले, "सर्व्हर बंद आहे. दोन दिवसांनी या."

"मशीनच बसली व्हय? बसू द्या. आमची तर रोज बसती." सुयोग त्यांना गाडीवर घेऊन गेला. मागं बसताना त्यांनी आधी सीट चाचपली.

खोटं लिहिलं होतं. आता तोंडावर बोललेही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

राजवर्धनशी बोलले. दार लावून घेतलं.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "शिबिरात फुकट करून टाकू. आपल्याकडं कंपनीशिवायही ऑपरेशनं होतात. विषय संपला."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना धन्यवाद दिले. दुपारी जेवलेही नीट.

चार वाजता पुन्हा गेले. "आणि पुढं? त्या डोळ्याला उद्या काचबिंदू झाला, पडदा सुटला, तर? प्रत्येक वेळी फुकट? पुण्याला न्यावं लागलं तर? कंपनीच्या लेखी हा माणूस डाव्या डोळ्यानं जन्मभर आंधळा आहे."

"ताई, तुम्ही दिवाळीनंतर सुटताय. कशाला उकरताय?"

"कंपनीनं विचारलं तर?"

"विचारलं तर बघू. दोन्ही एन्ट्री वृषालीच्या आयडीवरून आहेत. मी पाहिलंय."

मी म्हणाले, "पण भरल्या मी."

"आयडीवर नाव तिचं आहे ना? ती कंत्राटी. मार्चमध्ये कंत्राट संपतंय, तसंही बघायचंच होतं."

मी बाहेर आले. वृषाली टेबलाशी उभी राहून एका आजींना समजावत होती, "आजी, गोळा वेगळा, वाटी वेगळी." माझेच शब्द. हात हलवायची पद्धतसुद्धा माझी.

मी तिच्या खुर्चीवर महिनोन् महिने बसत आले. पासवर्ड मागवायला एक अर्ज लागतो. अर्ज करायचा मला कंटाळा आला होता, एवढंच कारण. दुसरं काही कारण असेल असं मला वाटत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

सावळाराम दोन वेळा येऊन गेले. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत होते. मुद्दाम.

२९ सप्टेंबर, सोमवार

कंपनीचं पत्र आलं. सदर सभासदाच्या डाव्या डोळ्यासंबंधी तीन मागण्या परस्परविसंगत आहेत. आधीच्या दोन्ही क्लेमची मूळ कागदपत्रं आणि खुलासा पाठवावा.

राजवर्धननी खुलासा स्वतः तयार केला. 'आमच्या कंत्राटी कर्मचारी यांच्याकडून अनवधानाने…' खाली वृषालीच्या सहीला जागा. मला म्हणाले, "तुम्ही तिला समजावा. तुमचं ऐकते ती."

मी कागद हातात घेतला. घेतला, हे लिहिलं पाहिजे. फाडला नाही, परत दिला नाही. पर्समध्ये घातला आणि घरी आले.

भावजय फोनवर विचारत होती, निरोपाच्या कार्यक्रमाला कोणती साडी नेसणार. मी म्हणाले, बघू.

३० सप्टेंबर, मंगळवार

वृषालीला बोलावलं. कागद पुढं ठेवला. तिनं उभ्याउभ्याच वाचला.

"बस," मी म्हणाले.

ती बसली. "सही करायची ना मॅडम?"

"तू वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग?"

"तुम्ही सांगाल तिथं करते." तिनं पेनही काढलं. "फक्त तात्यांच्या डोळ्याचं होईल ना यानं? तेवढं विचारते."

मी तिच्याकडं पाहिलं. ती कागदाकडं बघत होती. टेबलावर तिचा डबा होता, त्यात एक डाळिंब.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"काय मॅडम?"

"वृषाली."

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "ऑगस्टमध्ये. मी जेवून आले तर स्क्रीनवर तेच पान उघडं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एकदा म्हणाला होता, मी भरलेलं पुन्हा तपासायचं नाही."

हो, म्हणाले होते. तिच्या पहिल्याच आठवड्यात. तिनं माझं भरलेलं एक पान तपासायला घेतलं होतं तेव्हा. चारचौघांत म्हणाले होते.

मी तो कागद तिच्या हातातून घेतला. म्हणाले, कामाला लाग. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मॅडम, तुमचा चहा गार झाला. दुसरा आणू का?" मी नको म्हणाले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. सुट्टी होती, बरं झालं. दुपारी बसून खुलासा लिहिला. माझ्या हातानं, मराठीत. पहिला मसुदा फार लांब झाला. त्यात सगळी कारणं होती: वॉर्डातून उशिरा येणारा केसपेपर, सुयोगचा कॅमेरा, माझी इतकी वर्षं. फाडला. दुसरा अर्ध्या पानात बसला.

'फेब्रुवारीची नोंद माझी. ती चुकून झाली. ऑगस्टची नोंद माझी. ती चुकून झालेली नाही. दोन्ही वेळी मी वृषाली यांचा आयडी त्यांच्या अनुपस्थितीत वापरला. त्यांचा संबंध नाही. काढलेला डोळा उजवा. डावा डोळा आहे.'

शेवटचं वाक्य लिहून बराच वेळ बसले. कुणाचा डोळा आहे असं लिहून द्यावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

आज इंदापूरच्या शिबिरात सावळाराम असणार, म्हणून मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर त्यांना बसवलं. ठमाबाई उभ्याच राहिल्या.

"सर्व्हर बंद नव्हता," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं."

मग सगळं सांगितलं. उलटा फोटो, डावा, पुन्हा डावा. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. रुग्णाला कागद समजावते तसा.

सावळारामांनी मान तिरकी केली. डाव्या डोळ्यात मला नीट धरण्यासाठी ते तसं करतात.

"म्हंजे कागदावर माझा ह्यो डोळाच न्हाय?"

"हो."

"आन् तुमाला ठावं व्हतं?"

"दुसऱ्यांदा भरताना, हो."

ठमाबाईंनी तोंडाला पदर लावला. "म्या तुमाला डाळिंबं दिली," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. तेवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

सावळाराम उठले. "चल गं." मला वाटलं, ते जातील. ते दोन पावलं जाऊन थांबले. "आमी कुनाकडं बगून आलो हितं? डागदरकडं न्हाय, त्यो भेटतो घडीभर. तुमच्याकडं. बाई कडक हाय, पर कागूद पक्का, असं म्हनत्यात."

"दुरुस्त करणार आहे."

"करा. मला सांगू नका. करा."

गाडीत परत येताना मी पुढं बसले. त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी खुलासा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला.

"राजवर्धनचं नाव नाही यात."

"नाही."

"त्यानं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. बोटं माझी होती."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. तिथं पार्किंगशिवाय काही दिसत नाही. मग म्हणाले, "कंपनी आपल्याला दवाखान्यांच्या यादीतून काढू शकते, कोकरे बाई."

"माहीत आहे."

"निरोपसमारंभ होणार नाही."

"नको आहे."

"मी…" ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी पत्राखाली सही केली, मोठी, नेहमीपेक्षा गिचमिड. "पाठवा. आणि डाव्या डोळ्याचा दाखला माझ्याकडून घेऊन जा. तो मी आधीच द्यायला हवा होता."

आधी का द्यायला हवा होता ते कळलं नाही. कुणी मागितलाच नव्हता.

कंपनीला पाठवलं. राजवर्धन दिवसभर माझ्या टेबलाकडं फिरकले नाहीत. वृषालीनं न विचारता चहा ठेवला. प्यायले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कंपनीचा माणूस आला होता. सभ्य. त्यानं फोटो आरशासमोर धरून पाहिला, सुयोगच्या शर्टावरचं नाव सरळ वाचलं, आणि काही तरी लिहून घेतलं. पहिल्या चुकीला समजून घेतील असं वाटतं. दुसरीचं काय करतील, सांगता येत नाही. त्यानं विचारलं, ऑगस्टमध्ये कळलं होतं तर का भरलंत? मी म्हणाले, पेशंट बाहेर बसला होता. मग म्हणाले, नाही, हे कारण नाही. सोपं होतं म्हणून भरलं.

त्यानं तेही लिहून घेतलं.

नोंदीतली बाजू दुरुस्त होईल, असं जाताना म्हणाला. दवाखान्याबद्दलचा निर्णय नंतर. माझ्याबद्दल दवाखान्यानं ठरवायचं. डॉक्टरांनी ठरवलं आहे: शुक्रवार शेवटचा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज शिबिराला गाडी गेली नाही, वसुबारस. सकाळपासून कामं हातावेगळी केली. दुपारनंतर सोपवलं, ते असं:

वृषाली यांना: टेबलाच्या किल्ल्या. माझा शिक्का. कोडांची यादी, माझ्या खुणांसकट. तिच्या आयडीचा नवा पासवर्ड; तो तिनं माझ्यासमोर टाकला, मी तोंड फिरवून उभी राहिले. तोंडी एक सूचना: आधी केसपेपर, फोटोवरून कधीही नाही, आणि मी भरलेलं सगळं पुन्हा तपास. "सगळं?" तिनं विचारलं. "सगळं. गेल्या दोन वर्षांचं." तिनं मान हलवली. मग ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं नाही. ती कामाला फार चांगली आहे, असं म्हणाले. उशिरा म्हणाले.

राजवर्धन यांना: त्यांनी तयार केलेला खुलासा, सही नसलेला. त्यांनी तो घडी न मोडता खणात टाकला.

थिएटरच्या सिस्टरना: ३० ऑक्टोबरच्या यादीत घालायचा सावळारामांचा केसपेपर. डावा डोळा, मोतीबिंदू. परवानगी आज सकाळी आली. सिस्टरनी बाजू मोठ्यानं वाचली, मीही वाचली.

सावळाराम यांना: डॉक्टरांच्या सहीचा दाखला, मूळ प्रत. 'डावा डोळा जागेवर आहे.' सुयोगला न्यायला पाठवा म्हणून निरोप दिला होता, पण ते स्वतः आले, ठमाबाईंचा हात धरून. मी बसा म्हणाले, ते बसले नाहीत. ठमाबाई माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. मी दाखला वाचून दाखवू लागले तर सावळारामांनी हात पुढं केला. कागद घेतला, खिडकीशी नेला, डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि एकेक अक्षर स्वतः वाचलं. वेळ लागला. आम्ही सगळे उभे होतो. मग त्यांनी पोच म्हणून सही केली आणि दाखला ठमाबाईंच्या पिशवीत ठेवला.